मुलीच्या कानात ग्रोमेट बसवायचं की अजून थांबायचं?

डिचोलीची_सून
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, पण आता अगदी गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतेय.

मुलगी पाच वर्षांची, सीनियर केजीत. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत बाईंनी बोलावून सांगितलं की ही हाकेला ओ देत नाही, गोष्ट चालू असताना खिडकीबाहेर बघत बसते. घरी टीव्हीचा आवाज वाढवते आणि काहीही विचारलं की आधी "कितें?" आम्हाला वाटायचं, आजीची सवय उचललीय. कान दुखत नाही, वाहत नाही, ताप नाही.

ईएनटीकडे नेलं. दोन्ही पडद्यांमागे पाणी साचलंय आणि नाकामागच्या ॲडेनॉइड नावाच्या गाठी वाढल्यात, म्हणाले. तीन महिने थांबून दिवाळीआधी परत तपासलं, परिस्थिती तीच. आता म्हणतात ॲडेनॉइड काढू आणि त्याच वेळी कानाच्या पडद्यात ग्रोमेट, म्हणजे एक बारीक नळी, बसवू. पूर्ण भूल द्यावी लागेल. दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले मोठी होईल तसं आपोआप जातं, उन्हाळ्यापर्यंत बघा. सासूबाईंचं म्हणणं, पोरीच्या कानाला सुरी लावायची नाही. नवरा "तू म्हणशील ते" म्हणून मोकळा.

ज्यांनी केलं आणि ज्यांनी नाही केलं, दोघांनीही सांगा.

घुमटवाला
आधी नवऱ्याचे कान तपासून घ्या. हलकं घ्या.

आता गंभीरपणे. घुमट म्हणजे आमचं मातीचं, कातडं लावलेलं वाद्य. त्याचं कातडं पावसात सर्द झालं की कितीही बडवा, नाद सुटत नाही. घुमट फुटलेलं नसतं, वाजवणाराही तोच असतो. विस्तवाशी धरून शेकलं की परत बोलायला लागतं. माझ्या भाच्याच्या वेळी डॉक्टरांनी समजावलं ते मला असंच समजलं. त्याला ग्रोमेट घातलं होतं, आता दहावीत आहे आणि चवथीला आरतीत माझ्याहून सुरात असतो.

आजोबा_७२
आमच्या वेळी लसूण घालून खोबरेल कोमट करायचे आणि रात्री दोन थेंब कानात. कापसाचा बोळा. सकाळी कान मोकळा. आम्हा पाच भावंडांत एकाचेही ऑपरेशन झाले नाही. आजकाल शिंक आली की स्कॅन. सासूबाईंचे ऐका.

पेडण्याची_पोर
मी स्वतः या प्रकारातून गेलेय. लहानपणी कान सतत वाहायचा, पडद्याला भोक होतं. शेवटी बारावीच्या सुट्टीत ऑपरेशन केलं, कानामागून पातळ पापुद्रा काढून पडद्याला लावला. आधी केलं असतं तर शाळेत पहिल्या बाकासाठी भांडावं लागलं नसतं. त्यामुळे माझं मत, थांबू नका.

मीठभाकरी
मी दुसऱ्या बाजूचा. मुलगा चार वर्षांचा असताना अगदी हेच निदान. एका खाजगी हॉस्पिटलात (नाव घेत नाही) पहिल्याच भेटीत ऑपरेशनची तारीख आणि पॅकेजचा कागद हातात. तीन महिने थांबून बघू, एवढं साधं वाक्यसुद्धा कोणी बोललं नाही. आम्ही उठून आलो. पाऊस संपला, सर्दी गेली, पुढच्या तपासणीत दोन्ही कान स्वच्छ. आज पोरगा कुजबुजलेलंही ऐकतो, नको ते तर आधी ऐकतो.

धागाकर्ती, घाई करू नका. हा डॉक्टरांचा सीझन असतो.

काणकोणची_आई
मीठभाकरी, तुमच्याकडे तीन महिन्यांत गेलं, छान झालं. यांचं तीन महिने थांबूनही गेलेलं नाही. वाचलंत का नीट?

आमच्या थोरल्याला ग्रोमेट घातलं. दोन-अडीच मिलिमीटरची नळी असते, मला दाखवली होती, बोटावर ठेवली तर श्वासाने उडेल इतकी. पडद्याला बारीक चीर देतात, आतला द्रव ओढून घेतात आणि ती नळी त्या चिरेत बसवतात. आमच्याकडे जे निघालं ते पाणी नव्हतंच, डिंकासारखी तार सुटत होती. सकाळी नेलं, संध्याकाळी घरी. नळी काढावी लागत नाही, सहा महिने ते वर्षभरात पडदा स्वतःच बाहेर ढकलतो. आमची कधी पडली कळलंच नाही, तपासणीत मळात सापडली.

आता वाईट बाजू. मधे दोनदा कान वाहिला, थेंब घालावे लागले. आणि धाकटीलाही नळी घातली होती, ती पडल्यावर परत द्रव साचला, दुसऱ्यांदा घालावी लागली. हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून लिहितेय. तरी परत निर्णय घ्यायचा झाला तर तोच घेईन.

सत्तरीकर
एक वेगळी गोष्ट, पण सांगितली पाहिजे. माझ्या मुलाला जन्मापासून दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं, नसेचा दोष. आम्हालाही सगळे म्हणाले, मुलगे उशिरा बोलतात, थांबा. त्याचं कॉक्लिअर इम्प्लांट झालं, म्हणजे आतल्या कानात ऐकण्याचं यंत्र बसवलं. तिथे थांबणं म्हणजे भाषा शिकायचं वयच हातातून सोडणं. हा धागा वाचून कोणी आई-बाप आपल्या न बोलणाऱ्या वर्षाच्या बाळासाठी "आपोआप जातं" असं समजू नये, एवढंच.

मीठभाकरी
सत्तरीकर, मान्य. माझं बोलणं फक्त पाणी साचण्याबद्दल होतं.

कानसेन
मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणारा, आहे, सर्जन नाही, तेव्हा माझ्या कामापुरतंच बोलतो. वर वेगवेगळ्या आजारांची सरमिसळ झालीय आणि त्यामुळे प्रत्येकाचा सल्ला दुसऱ्याच्या मुलाला लागू पडतोय.

धागाकर्तीच्या मुलीला जे आहे त्यात पडदा शाबूत असतो, नसही चांगली असते. पडद्यामागच्या पोकळीला नाकाच्या मागून शरीरातल्याच एका नळीने हवा मिळते. लहान मुलांत ती नळी आखूड आणि जवळपास आडवी असते, आणि ॲडेनॉइड नेमके तिच्या तोंडाशी. हवा पोचेनाशी झाली की आत द्रव साचतो आणि पडदा हलत नाही. दुखत नाही, म्हणून महिनोन्‌महिने कळत नाही. यातली बरीच मुलं तीन महिन्यांत आपोआप बरी होतात. थांबायला सांगतात ते याच कारणासाठी, आणि मीठभाकरींचा राग रास्त आहे.

पेडण्याची_पोर यांचं पडद्याचं भोक हा वेगळा प्रकार. तिथे मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत सर्जनच पुष्कळदा थांबतात, कान कोरडा ठेवतात. सत्तरीकरांचं तिसरंच, तिथे एकेक महिना मोलाचा. आणि चौथा प्रकार कोणी लिहिला नाही: कानातून घाण वास येणारा स्राव सतत येत असेल तर कोलेस्टिॲटोमा असू शकतो. तो आजूबाजूचं हाड खातो. तिथे शस्त्रक्रिया करायची की नाही हा प्रश्नच नसतो.

आजोबा, तेल पडद्याच्या अलीकडेच राहतं, द्रव पलीकडे आहे. पडद्याला भोक असेल तर मात्र ते पलीकडे जाईल आणि मग खरा त्रास सुरू होईल. कृपया कोणालाही सुचवू नका.

डिचोलीची_सून, एवढं सांगा: टिम्पॅनोग्रामवर (पडदा किती हलतो त्या तपासणीवर) ए, बी, सी यातलं काय लिहिलंय? पीटीएचे (किती बारीक आवाज ऐकू येतो त्या चाचणीचे) आकडे किती, दोन्ही वेळचे? झोपेत घोरते का? बोलणं परक्या माणसाला स्पष्ट समजतं का?

आजोबा_७२
लसणाचे तेल पायाला तरी चालेल ना?

कानसेन
पायाला जरूर.

शाळाबाई
मी फोंडा तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. अशी मुलं दरवर्षी एखाद-दुसरं असतं आणि ते बहुधा "मस्तीखोर" किंवा "मंद" या खात्यात जमा झालेलं असतं. ओळखायची एक खूण म्हणजे ही मुलं कवायतीत आणि कवितेत शेजारच्याकडे बघून अर्ध्या क्षणाने मागून करतात. बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या की त्यांचा धागा तुटतो. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस आणि डोक्यावर पंखा, मग तर विचारूच नका.

ऑपरेशन करा किंवा करू नका, पण बाईंना लेखी कळवा आणि जागा बदलून घ्या. पुढे, खिडकीपासून लांब, बाईंचं तोंड दिसेल अशी. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. आणि ज्यांना खाजगीत तपासणी परवडत नाही त्यांच्यासाठी: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीपासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, त्यात कान येतात. पथक शाळेत आलं की तुमची शंका बाईंमार्फत आधीच कळवून ठेवा, नाहीतर गर्दीत पोर "हो, ऐकू येतं" म्हणून निसटतं.

घुमटवाला
अवांतर: आमच्या वाड्यावर नरकासुराच्या रात्री डीजे लागतो तेव्हा अख्खं गाव "कितें? कितें?" करत असतं. त्यांना कुठलं ग्रोमेट घालायचं?

पेडण्याची_पोर
@घुमटवाला 😂 त्यांना कापूस.

@कानसेन, माहितीबद्दल आभार. माझा सल्ला मागे घेत नाही, पण तो पडद्याच्या भोकावाल्यांसाठी आहे असं समजावं.

डिचोलीची_सून
एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार, आजोबांचेसुद्धा (सासूबाईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, फार खूश झाल्या. खालचा कानसेन यांचा वाचल्यावर गप्प).

फाइल काढून बघितली. टिम्पॅनोग्राम दोन्ही कानांचा बी, जूनमध्येही आणि आताही. जूनमध्ये उजवा ३० आणि डावा ३५ डेसिबल, आता उजवा ३५, डावा ४०. घोरते, आणि तोंड उघडं टाकून झोपते. बोलणं आम्हाला समजतं, पण "पाट" आणि "पात" सारखंच म्हणते, पाहुण्यांना मी दुभाषी लागते.

तपासणीच्या वेळची गोष्ट सांगते. तिला ठोकळे आणि बादली दिली होती, बीप ऐकू आली की ठोकळा बादलीत टाकायचा. सुरुवातीला धडाधड टाकत होती. मग आवाज कमी होत गेला तसा ठोकळा हातात धरून माझ्याकडे बघायला लागली. मला काचेबाहेर खूण करायलाही मनाई होती. त्या दिवसापासून माझं "लक्ष देत नाही" हे बोलणं बंद झालंय.

प्रश्न आता एवढाच की उन्हाळ्यापर्यंत थांबलं तर काय बिघडेल?

कानसेन
आकडे सांगितलेत ते बरं झालं. दोन्ही कान, तीन महिन्यांच्या वर, सपाट बी (म्हणजे पडदा हलत नाही), चांगला कानही ३५ वर आणि सुधारणेऐवजी थोडी घसरण. शिवाय उच्चारांवर परिणाम आणि घोरणं. पहिल्या डॉक्टरांनी थांबायला सांगितलं होतं, मग ऑपरेशन सुचवलं. हा क्रम बरोबरच आहे.

३५ डेसिबलची कमतरता म्हणजे समोर बसून बोललात तर ऐकेल, पण कुजबुज, मागून मारलेली हाक, शब्दातली स, त, प, फ असली हलकी व्यंजनं निसटणार. "पाट-पात" त्याचमुळे असण्याची शक्यता मोठी.

उन्हाळ्यापर्यंत थांबलात तर कान कायमचा जाईल असं मी म्हणणार नाही, बहुतेकांचा जात नाही. दुसरे डॉक्टर चुकीचं बोलले नाहीत, वय वाढतं तसं हे जातंच. ग्रोमेटचा फायदाही मुख्यतः पहिल्या सहा-नऊ महिन्यांत दिसतो, पुढे घातलेली आणि न घातलेली मुलं ऐकण्यात जवळपास सारखी होतात. पण हेच सहा-नऊ महिने तुमची मुलगी अक्षरं शिकणार आहे. तेव्हा ते किती मोलाचे, हा हिशेब तुमच्या घराने करायचा.

आणखी एक मार्ग: तेवढ्या काळापुरतं श्रवणयंत्र. काही पालक तो निवडतात. आणि नाकाने फुगवायचा एक फुगा मिळतो, दिवसातून तीनदा, या वयाच्या मुलीला जमू शकेल. फायदा मध्यम, धोका नाही.

मीठभाकरी
म्हणजे तुम्हीच म्हणताय की पुढे सगळी सारखी होतात. मग सुरी कशाला?

कानसेन
कारण ती पुढे सारखी होतात, आज नाहीत.

मीठभाकरी
ठीक. पण ॲडेनॉइड काढल्यावर प्रतिकारशक्ती जाते, त्याचं काय?

काणकोणची_आई
हे मीही विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, शरीरात तसल्या इतर गाठी भरपूर आहेत, मूल काही उघडं पडत नाही. चार वर्षांवरच्या मुलांत ॲडेनॉइड काढल्याने कानालाही फायदा होतो, म्हणून बरोबरच करतात. माझ्या धाकटीचं वय तीन होतं, तेव्हा नुसतं ग्रोमेट घातलं होतं. दुसऱ्या वेळी ॲडेनॉइड काढले, मग परत साचलं नाही. आणि घोरणं थांबलं हा बोनस. नवऱ्याचं अजून चालू आहे.

निद्रादेवी
भूल देणं हा माझा पेशा, आणि पालकांची खरी भीती तीच असते, म्हणून लिहिते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने (एफडीए) २०१६ मध्ये इशारा दिला तो तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून जास्त किंवा पुन्हा पुन्हा दिलेल्या भुलेबद्दल. पाच वर्षांच्या मुलीची एकदाची, छोटी भूल हा विषय वेगळा. धोका शून्य असं कोणीही प्रामाणिक माणूस म्हणणार नाही, पण निरोगी मुलात तो फार कमी असतो.

तुमच्या हातात दोन गोष्टी. घन पदार्थ सहा तास आधीपासून बंद, स्वच्छ पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, दूध हे पाणी नव्हे. आजी पहाटे "उपाशी कशी जाईल" म्हणून गुपचूप बिस्कीट देते, यावर डोळा ठेवा. आणि आदल्या दिवशी ताप, खोकला, वाहतं नाक असेल तर लपवू नका. तारीख पुढे गेली तरी चालेल. हो, घोरताना श्वास मधेच थांबतो का तेही आमच्या माणसाला सांगा.

सत्तरीकर
खर्चाचं कोणी बोललं नाही. गोमेकॉची (गोवा मेडिकल कॉलेज) ईएनटी ओपीडी आहेच बांबोळीला, रांग लागते पण गोंयकारांना परवडतं. खाजगीत करायचं तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आधी काढा, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत छत्र आहे, पाच वर्षांचा रहिवास लागतो. तुमची शस्त्रक्रिया त्या हॉस्पिटलच्या यादीत बसते का ते आधी काउंटरवर विचारून घ्या. इम्प्लांटवाल्यांसाठी भारत सरकारची दिव्यांगांना साधनं देणारी एडिप योजना वेगळी, कोणाला माहिती हवी तर व्यक्तिगत निरोप करा.

आजोबा_७२
मी आता ऑपरेशनच्या विरोधात नाही. पण नळी असताना पोरीला तळीत पोहायला नेता येईल का? आमच्या झऱ्यावर नातवंडे उन्हाळाभर असतात.

काणकोणची_आई
आम्हाला वर्षभर मनाई होती. आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस.

कानसेन
आताच्या मार्गदर्शक तत्त्वांत सरसकट मनाई नाही. वर वर पोहायला बहुतेक मुलांना चालतं, पण सूर मारणं, बुडी मारणं आणि साबणाचं पाणी टाळावं. तळी-विहिरीच्या पाण्यापासून मी स्वतः लांबच ठेवीन. तुमचे सर्जन म्हणतील तेच ऐका.

घुमटवाला
म्हणजे सां जुआंवच्या सणाला विहिरीत उडी रद्द. आजोबा, तुम्हीसुद्धा.

मीठभाकरी
धागाकर्ती, शेवटचं. मी अजूनही घाई नको या मताचा आहे, पण तुमचे आकडे माझ्या पोराचे नव्हते. करणार असाल तर आधल्या आठवड्यात परत एकदा टिम्पॅनोग्राम करून घ्या. तोवर उतरलं असेल तर वाचलात.

कानसेन
मीठभाकरी +१.

डिचोलीची_सून
अपडेट द्यायला उशीर झाला. घरात बसून बोललो. नवऱ्याने पहिल्यांदाच स्वतःचं मत दिलं, करू या म्हणाला. सासूबाईंना मी बूथमधल्या ठोकळ्यांचं सांगितलं, त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही, देवीला नारळ मात्र बोलल्या आहेत.

मीठभाकरींच्या सल्ल्याने परत तपासणी केली. बी आणि बी. ॲडेनॉइड आणि ग्रोमेट, दोन्ही एकाच वेळी ठरलं. तारीख होती परवाची, पण आदल्या रात्री नाक वाहायला लागलं, फोन करून खरं सांगितलं आणि त्यांनी पुढे ढकललं. पॅक केलेली बॅग तशीच पडलीय. नवी तारीख नाताळच्या सुट्टीत मिळाली, त्यामुळे शाळा बुडणार नाही.

शाळाबाई, जागा बदलून मिळाली, पण आता ती वर्गात "मला ऐकू येत नाही" असं सगळ्यांना ऐटीत सांगते आणि त्या नावाखाली गृहपाठ टाळते. यावर काय करायचं?

शाळाबाई
गृहपाठ लिहून पाठवायचा. डोळे चांगले आहेत ना?